पडद्यासमोरचे मूल : डिजिटल अध्ययनातील भावना आणि सौंदर्य

ग्रामीण भागातील निवासी शाळांमध्ये गेल्या काही वर्षांत भिंतीवरचे मोठे पडदे, प्रोजेक्टर, संगणक आणि टॅब येऊ लागले आहेत. काही साधने शासनाकडून येतात, काही दात्यांकडून, तर काही माजी विद्यार्थी आपल्या कमाईतून पाठवितात. अशी साधने घेताना बहुधा तीन प्रश्न विचारले जातात : संच किती, पडदा केवढा आणि हमी किती वर्षांची? या तिन्हींइतकाच महत्त्वाचा चौथा प्रश्न आहे : या पडद्यासमोर बसणाऱ्या मुलाला काय वाटेल? प्रस्तुत लेखात आम्ही या चौथ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. मुलाच्या मनात उमटणारी भावना आणि पडद्याची सुंदर, सुव्यवस्थित मांडणी ही शिक्षणाला मागाहून लावायची झालर नाही. शिकणे घडते की नाही, हे पुष्कळ अंशी त्यांवरच ठरते, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ निश्चित करू. ‘डिजिटल अध्ययन-वातावरण’ म्हणजे केवळ यंत्र नव्हे. पडद्यावरील अक्षर, रंग, चित्र, बोलणारा आवाज, उत्तर चुकल्यावर मिळणारा प्रतिसाद, शेजारी बसलेली मुले आणि पडदा ज्या खोलीत आहे ती खोली, हे सर्व मिळून ते वातावरण होते. ‘सौंदर्य’ या शब्दानेही आम्हाला भपका अभिप्रेत नाही. घरासमोरचे अंगण सारवून त्यावर चार ठिपक्यांची रांगोळी काढली, की ते सुंदर दिसते. कारण तेथे स्वच्छता आहे, प्रमाण आहे आणि कोणीतरी आपल्यासाठी कष्ट घेतल्याची खूण आहे. याच अर्थाने आम्ही हा शब्द वापरीत आहोत.

भावना आणि आकलन

विचार आणि भावना ही दोन स्वतंत्र दालने असून शाळेचे काम पहिल्या दालनापुरतेच आहे, असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. मज्जाविज्ञानाने तो टिकू दिलेला नाही. अंतोनियो दमासिओ या शास्त्रज्ञाने मेंदूच्या पुढील भागातील विशिष्ट जागी इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. या रुग्णांची बुद्धी, स्मृती व भाषा शाबूत होती. परंतु भावनांचे मार्गदर्शन हरपल्यामुळे त्यांना व्यवहारातले साधे निर्णय नीट घेता येत नसत आणि एकदा झालेल्या नुकसानीपासून धडाही घेता येत नसे. मेरी हेलन इमॉर्डिनो-यांग आणि दमासिओ यांनी २००७ साली शिक्षणाविषयी लिहिलेल्या एका निबंधात याच आधारावर असे मांडले, की लक्ष, स्मरण आणि निर्णय या शाळेला हव्या असलेल्या सर्व शक्ती भावनेशी घट्ट जोडलेल्या आहेत. ज्या गोष्टीचे मुलाला काहीच वाटत नाही, ती परीक्षेपर्यंत पाठ राहील कदाचित. परंतु आयुष्यात उपयोगी पडणार नाही.

बौद्ध वाचकांना हा विचार परका वाटू नये. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा उत्पन्न होते, असे सांगितले आहे. तेथे वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी कोणतीही अनुभूती. डोळ्यांचा पडद्याशी संबंध आला की तत्क्षणी काही ना काही अनुभूती होतेच. ती आपल्या इच्छेची वाट पाहत नाही. म्हणून धडा तयार करणाऱ्याने ‘भावना आणावी की न आणावी’ असा विचार करण्यात अर्थ नाही. भावना येणारच आहे. कोणती येऊ द्यायची, एवढेच त्याच्या हाती आहे.

आपल्या समाजाला तर हे पुस्तकातून शिकण्याची गरजच पडली नाही. साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना बाबासाहेबांना वर्गात वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट रोज घरून न्यावे आणि संध्याकाळी परत आणावे लागे, कारण शाळेची झाडलोट करणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे, तेव्हा ते मिळे. त्या वर्गातली पुस्तके सर्वांना सारखीच होती. वातावरण मात्र सारखे नव्हते. त्या वातावरणातूनही बाबासाहेब पुढे गेले, हे त्यांचे असामान्यत्व. परंतु कोणतीही शिक्षणव्यवस्था प्रत्येक मुलाकडून असामान्यत्वाची अपेक्षा धरून उभारता येत नाही.

आज यंत्रासमोर सर्व मुले समान बसतात, असे म्हटले जाते. बव्हंशी ते खरेही आहे. यंत्र जात विचारीत नाही. तथापि अपमान करण्यासाठी दरवेळी माणूसच लागतो असे नाही. उत्तर चुकताच पडदाभर उमटणारी लाल फुली, सगळ्या खोलीला ऐकू जाणारा कर्कश आवाज, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलाचे नाव सर्वांना दाखविणारी गुणांची यादी, या रचना कोणीतरी माणसानेच केलेल्या असतात. ज्याच्या घरात शाळेची पायरी चढणारे तेच पहिले मूल आहे, त्याला त्यातून एकच अर्थ कळतो : ही जागा आपली नव्हे.

सौंदर्याचे काम

मांडणी सुंदर असल्याने नेमके काय साधते, याचा अभ्यास प्रथम शाळांत नव्हे, तर बँकेच्या यंत्रांवर झाला. १९९५ साली जपानमधील मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी पैसे काढण्याच्या यंत्राच्या पडद्याच्या वेगवेगळ्या मांडण्या लोकांना दाखविल्या. बटणे तीच, कामे तीच. केवळ रचना निराळी. लोकांना जी मांडणी देखणी वाटली, तीच वापरण्यास सोपीही वाटली. जपानी लोकांच्या सौंदर्यदृष्टीचा हा परिणाम असावा, अशी शंका घेऊन नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी इस्राएलमध्ये तोच प्रयोग पुन्हा केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्षही तसाच निघाला. डोनाल्ड नॉर्मन यांनी पुढे याची मीमांसा करताना म्हटले, की मन प्रसन्न असले म्हणजे माणूस अडचणीसमोर अडून बसत नाही, दुसरी वाट शोधतो. आणि धास्तावलेला माणूस तेच चुकीचे बटण पुन्हापुन्हा दाबीत राहतो.

शिक्षणाच्या क्षेत्रातही याला पुष्टी मिळाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, लसीकरणाने शरीरात प्रतिकारशक्ती कशी निर्माण होते हा धडा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संगणकावर दोन रूपांत देण्यात आला. मजकूर एकच होता. एका रूपात करड्या छटा व साध्या आकृत्या होत्या. दुसऱ्यात उबदार रंग आणि चेहरा असलेल्या गोलसर आकृत्या होत्या. दुसऱ्या रूपातून शिकणाऱ्यांचे आकलन अधिक चांगले झाले.

एवढ्यावरून कोणी धड्यात रंग, नाच आणि संगीत यांची खैरात करू लागेल, तर तेही घातक आहे. रिचर्ड मेयर आणि त्यांचे सहकारी शॅनन हार्प यांनी आकाशात वीज कशी निर्माण होते या पाठावर प्रयोग केले. पाठात विजेच्या आघाताच्या थरारक पण अनावश्यक हकिकती घातल्या, तेव्हा वाचणाऱ्यांची करमणूक वाढली आणि मूळ प्रक्रियेचे आकलन मात्र घटले. मराठवाड्यात दरवर्षी अवकाळी पावसात वीज पडून शेतात माणसे व जनावरे दगावतात. आपल्या मुलांनी वीज का पडते आणि झाडाखाली का थांबू नये, हे समजून घेतले पाहिजे; केवळ लखलखाट पाहून ‘पुन्हा लावा’ म्हणणे पुरेसे नाही. तेव्हा सौंदर्याची कसोटी सोपी आहे. जे विषयाकडे नेते ते सौंदर्य. जे विषयावरून लक्ष उडविते ती सजावट.

आपल्याच भूमीतील उदाहरणे

हा विवेक आपल्याकडे नवा नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात जातककथा भिंतींवर रंगविल्या आहेत. वेस्संतर राजपुत्राच्या दानाची कथा तेथे पाहणाऱ्याला अक्षरओळख असण्याची गरज नव्हती. राजपुत्र नगराचा निरोप घेतो, त्या वेळची माणसांची मुद्रा आणि हातांची ठेवण यांतूनच दान म्हणजे काय, हे त्याच्यापर्यंत पोहोचे. तेथे रंग आहेत, अलंकार आहेत. परंतु प्रत्येक दृश्य कथेलाच धरून आहे.

दुसरे उदाहरण शंभर वर्षांच्या आतले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर आणणे शक्य नव्हते. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आपल्याच रानातील बी हाती घेऊन मोजणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी कळे, की आपले जग शाळेला मान्य आहे. डिजिटल धडे तयार करणाऱ्यांनी कोसबाडकडून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

तिसरे उदाहरण आजचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पानावरील चौकोन मोबाईलने टिपला की कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि पुस्तकातला तो चौकोन असंख्य घरांत शाळेचे दार ठरला. परंतु चौकोन हे केवळ दार होय. दार उघडल्यावर आत कोण बोलते, कशा शब्दांत बोलते आणि काय दिसते, यावर मूल आत पाऊल टाकील की उंबऱ्यावरूनच परतेल, हे अवलंबून असते.

अक्षर, आवाज आणि संबोधन

आत गेल्यावर प्रथम दिसते ते अक्षर. देवनागरीत मात्रा वर असते, उकार खाली असतो, जोडाक्षरे गच्च बसतात. रोमन लिपीसाठी योग्य असलेले ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि नुकतेच वाचू लागलेले मूल अडखळते. शिवाय पडद्यावरील अनेक टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदीतील रूपे असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरविताना या दोन अक्षरांची मराठी वळणे निश्चित केली. पाटीवर गुरुजींनी गिरवून घेतलेला ‘ल’ एक आणि पडद्यावरचा ‘ल’ दुसराच, असे झाले की सहा वर्षांच्या मुलाला आपलेच चुकले असे वाटते. योग्य टंक निवडण्यास पैसे लागत नाहीत, लक्ष लागते.

त्यानंतर आवाज. मेयर यांच्या अभ्यासात आढळले, की पुस्तकी भाषेपेक्षा संभाषणाच्या भाषेत समजावून सांगितलेला धडा अधिक समजतो. मराठीत तर संभाषणाची एक खास सोय आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हटले की तो सामावला जातो. ‘आता आपण हे पुन्हा करून पाहू’ असे म्हणणारा आवाज मुलाच्या शेजारी येऊन बसतो. ‘तुमचे उत्तर चुकीचे आहे’ असे म्हणणारा आवाज खिडकीपलीकडच्या कारकुनासारखा असतो. पुष्कळ मराठी धडे इंग्रजीवरून उतरविलेले असल्याने त्यांत हा दुसरा आवाजच अधिक ऐकू येतो.

आणि शेवटी पडद्यावरील जग. हिंगोली जिल्ह्यात घरी गोरमाटी बोलणारी बंजारा मुले आहेत, कळमनुरी परिसरात आंध आदिवासी समाजाची मुले आहेत. धड्यातील घर नेहमी शहरातील असेल, आई नेहमी गॅसच्या ओट्याशी उभी असेल आणि बाबा नेहमी कार्यालयातून येत असतील, तर ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल स्वतःला त्या धड्यात कोठे शोधील? गणितातील उदाहरणात हळदीचे क्विंटल, सोयाबीनची पोती आणि वसमतचा बाजारभाव आला म्हणून गणित सोपे होत नाही; पण ते आपले होते, आणि आपल्या वाटणाऱ्या गणिताशी मूल अधिक वेळ झुंजते.

दुधाळ्याचा धडा

हे सर्व एका धड्यात कसे उतरेल, याचे एक उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. तिच्या परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. ही वेधशाळा काय ऐकणार आहे, हे आठवीच्या मुलांना कसे सांगावे?

एक मार्ग व्याख्येचा आहे. तो मुले पाठ करतील आणि विसरतील. दुसरा मार्ग असा. पडदा पूर्ण काळा ठेवावा. थोडा वेळ खोलीत शांतता असू द्यावी. मग अमेरिकेतील दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीचे ध्वनिरूप ऐकवावे. पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा तो एक चढता, क्षणार्धात संपणारा आवाज आहे. पुन्हा ऐकवावा आणि विचारावे : हा आवाज कोणाचा असेल? मुले तर्क करतील, चुकतील, हसतील. मग सांगावे, की सूर्याच्या सुमारे ३० पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप झाली, त्या घटनेचा हा पडसाद आहे. तो आपल्यापर्यंत पोहोचण्यास १०० कोटींहून अधिक वर्षे लागली. यानंतर सिद्धेश्वर धरणाच्या शांत पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या लहरी दाखवाव्या आणि मगच भुजांची आकृती काढावी. लहर आली की या भुजांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी असतो, हे ऐकल्यावर ‘मग तो मोजतात कसा?’ हा प्रश्न मुलेच विचारतील.

या धड्यात झगमगाट नाही, पार्श्वसंगीत नाही. काळा पडदा आणि शांतता यांना खर्च येत नाही. परंतु विस्मय, मग संभ्रम आणि शेवटी उलगडा, असा भावनांचा क्रम त्यात जाणीवपूर्वक योजलेला आहे. येथे संभ्रमाला घाबरण्याचे कारण नाही. योग्य वेळी उलगडा होणार असेल, तर गोंधळल्यामुळे आकलन अधिक खोल होते, असे अलीकडच्या संशोधनातही दिसले आहे. उलगडा न होता राहिलेला गोंधळ मात्र निराशेत जातो; म्हणून पडद्याजवळ शिक्षक हवाच.

वसतिगृहातील पडदा

निवासी शाळेतील मूल संध्याकाळी घरी जात नाही. दिवेलागणीला त्याला आईची आठवण येते. अशा वेळी पडदा केवळ करमणुकीने ती आठवण बुजवू शकतो, किंवा तिला वाट करून देऊ शकतो. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, गावातील वृद्धांनी सांगितलेली दुष्काळाची हकिकत, शेतकरी पालकाने समजावलेली हळद शिजविण्याची रीत, हे साध्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून शाळेच्या संगणकात ठेवता येते. त्यातून भाषा, इतिहास आणि विज्ञान तिन्ही शिकविता येतात. शिवाय आपल्या माणसाचा आवाज वर्गात ऐकल्यावर मुलाची मान ताठ होते, ते वेगळेच.

निरक्षर पालकांनाही या कामात स्थान आहे. सुगत मित्र यांनी १९९९ साली दिल्लीतील काळकाजी येथे भिंतीत संगणक बसवून मुलांना तो मोकळा सोडला. त्यांच्या सर्वच निष्कर्षांवर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु पुढे त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली : मुलांच्या मागे उभे राहून ‘अरे वा, हे तू कसे केलेस? मला दाखव की!’ असे म्हणणारी, विषयाची माहिती नसलेली एखादी प्रेमळ व्यक्ती असली, तरी मुलांची प्रगती वाढते. आपल्या घरातील प्रत्येक आजीला हे काम येते.

खोलीकडेही पाहिले पाहिजे. उन्हाची तिरीप पडद्यावर पडत असेल, मागच्या रांगेला अक्षर दिसत नसेल, वीज गेली की धडा अर्ध्यावर तुटत असेल किंवा इंटरनेटअभावी चित्र गरगरत राहत असेल, तर उत्तमोत्तम धड्याचाही चिडचिडेपणाच पदरी येतो. धडे आधीच उतरवून ठेवणे, खिडकीला जाड पडदा लावणे, खोलीत वीजसाठ्याची सोय करणे, ही कामे किरकोळ वाटतात. वस्तुतः तीही अध्ययन-वातावरणाच्या रचनेचाच भाग आहेत. आणि धडा संपल्यावर पडदा बंद करून दोन मिनिटे स्वस्थ बसणे, हाही.

निवड करताना

यापुढे कोणी शाळेसाठी डिजिटल साधन अथवा धडे देऊ इच्छील, तर त्यांनी खरेदीपूर्वी तो धडा एकदा मुलांसोबत बसून पाहावा आणि पुढील गोष्टी तपासाव्या, अशी आमची विनंती आहे. अक्षरे मराठी वळणाची व सुटसुटीत आहेत काय? बोलणारा आवाज मुलाला सोबत घेतो काय? उत्तर चुकल्यास मुलाची शोभा न करता पुन्हा संधी मिळते काय? चित्रांत व उदाहरणांत आपल्यासारखी माणसे आहेत काय आणि ती सन्मानाने दाखविली आहेत काय? रंग आणि संगीत विषयाकडे नेतात की दूर नेतात? मध्येच जाहिराती येतात काय? इंटरनेट नसताना धडा चालतो काय?

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी चित्रकार असतील, कोणी संगणक क्षेत्रात असतील, कोणी गोरमाटी आणि मराठी दोन्ही भाषा उत्तम जाणत असतील. एखादे यंत्र देण्याइतकेच मोल एका धड्याला आपला आवाज देण्यात, एक चित्र काढून देण्यात, एका पाठाचे घरच्या बोलीत रूपांतर करण्यात आहे. यंत्र काही वर्षांत जुने होईल. ‘हे शिकणे माझ्यासाठी आहे’ ही भावना ज्या मुलाच्या मनात एकदा रुजली, ते पुढे कोणत्याही यंत्रावर, आणि यंत्र नसले तरीही, शिकत राहील.